रावळगाव : ऊसमळा, गोळी आणि नाव
(एका कौटुंबिक गोळ्या-चॉकलेट उद्योगाचा इतिहास, १९२३ ते २०२४)

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापडगिरण्या, साखर कारखाने, अभियांत्रिकी उद्योग आणि सहकारी चळवळ यांच्याभोवती झालेले आहे. रोजच्या वापरातील किरकोळ वस्तूंच्या उत्पादनाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. किराणा दुकानाच्या फळीवरील काचेच्या बरणीतली गोळी ही अशीच एक वस्तू होय. तिची किंमत नगण्य असल्यामुळे तिचा इतिहासही नगण्य असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या गोळीमागे जमीन, पाणी, ऊस, यंत्र, सरकारी धोरण, चलन आणि भांडवलदार कुटुंब अशी मोठी साखळी उभी असते.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या रावळगाव या गावाचे नाव अशाच एका गोळीमुळे सर्वतोमुखी झाले. ‘दि रावळगाव शुगर फार्म लिमिटेड’ ही कंपनी १९३३ मध्ये स्थापन झाली, १९४२ मध्ये तिने गोळ्यांचे उत्पादन सुरू केले आणि २०२४ मध्ये या गोळ्यांची बोधचिन्हे व पाककृती दुसऱ्या कंपनीला विकल्या गेल्या. सुमारे ८२ वर्षांच्या या वाटचालीत एका उद्योजक कुटुंबाच्या हाती असलेली साखळी एकेक दुव्याने कशी सुटत गेली आणि अखेरीस विकण्याजोगे केवळ ‘नाव’ कसे उरले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) रावळगावच्या गोळी-उद्योगाची उगमकारणे शोधणे. २) जमीन, साखर, चलन आणि बाजारपेठ या घटकांचा या उद्योगावर झालेला परिणाम तपासणे. ३) समकालीन कौटुंबिक उद्योगांशी त्याची तुलना करणे. ४) ग्रामनाम आणि व्यापारी नाव यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपीठिका : हलवायाची साखर आणि यंत्राची गोळी

साखरेपासून खाऊ तयार करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा काटेरी हलवा, बत्तासे, साखरफुटाणे आणि रेवड्या हे पदार्थ पिढ्यानपिढ्या घराघरांत व हलवायाच्या भट्टीवर तयार होत आलेले आहेत. या पदार्थांना सणवार, जत्रा आणि देवस्थाने यांचा आधार होता. त्यांचे उत्पादन स्थानिक आणि हंगामी स्वरूपाचे होते.

विसाव्या शतकात यंत्रावर तयार झालेली, कागदात गुंडाळलेली गोळी बाजारात आली. ही गोळी कोणत्याही सणाशी बांधलेली नव्हती. ती वर्षभर मिळत असे, सुटी विकली जात असे आणि मुलाच्या हातातील एका लहान नाण्यात येत असे. मराठी भाषेने या बदलाची नोंद मोठ्या मार्मिकपणे घेतलेली आहे. ज्या गोळीत कोकोचा अंशही नाही, अशा कागदातील गोळीलाही मराठी घरांत सर्रास ‘चॉकलेट’ म्हटले जाते. शब्द परदेशी, वस्तू साखरेची आणि वेष्टन कारखान्याचे, असा हा संकर आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील ‘चॉकलेट’चा इतिहास पाहू गेल्यास तो कोकोच्या मळ्यापेक्षा उसाच्या मळ्याकडे अधिक जातो.

वालचंद हिराचंद आणि रावळगावचा मळा

रावळगावच्या उद्योगाचे संस्थापक वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. कापूस व धान्य यांच्या व्यापारात न रमता त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या ठेकेदारीत प्रवेश केला. पुढे सिंदिया जहाज कंपनी (१९१९), बंगळूर येथील विमान कारखाना (१९४०), विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी (१९४१) आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) या उपक्रमांमुळे त्यांचे नाव राष्ट्रीय पातळीवर गाजले. जहाज, विमान आणि मोटार ही त्यांच्या कर्तृत्वाची तीन प्रतीके मानली जातात. या तिन्हींच्या तुलनेत रावळगावची गोळी क्षुद्र वाटते. मात्र विमान कारखाना सरकारकडे गेला, जहाजबांधणीचा कारखानाही १९५२ मध्ये सरकारच्या नियंत्रणाखाली आला. सामान्य मराठी घरात पोहोचलेली वालचंद समूहाची वस्तू म्हणजे रावळगावची गोळीच होय.

१९२३ मध्ये वालचंदांनी रावळगाव येथे सुमारे १,५०० एकर जमीन घेतली. ही जमीन खडकाळ, उंचसखल आणि पिकाच्या दृष्टीने निकृष्ट होती. मृदातज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि शेतीचे जाणकार नेमून ती उसाच्या लागवडीयोग्य करण्यात आली. शेती हा कारखान्याप्रमाणेच नियोजनाने चालवण्याचा व्यवसाय आहे, हा विचार त्या काळात नवा होता. गिरणेच्या खोऱ्यात १९११ मध्ये पूर्ण झालेल्या चणकापूर धरणामुळे बागायतीची शक्यता वाढली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. भांडवल, तंत्रज्ञान आणि कालव्याचे पाणी या तिन्हींच्या संयोगातून दख्खनच्या पठारावर ऊसमळे उभे राहिले.

साखर कारखान्याच्या स्थापनेला सरकारी धोरणाचे पाठबळ लाभले. १९३० पर्यंत भारतीय बाजारपेठेत जावा बेटावरून येणाऱ्या साखरेचे वर्चस्व होते. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली. परिणामी देशातील साखर कारखान्यांची संख्या तीसच्या आसपास होती, ती काही वर्षांतच शंभरावर गेली. रावळगाव शुगर फार्म ही कंपनी १९३३ मध्ये, याच लाटेत स्थापन झाली. कंपनीच्या नावात ‘कारखाना’ हा शब्द नसून ‘मळा’ या अर्थाचा ‘फार्म’ हा शब्द आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कंपनीची कल्पना जमिनीपासून सुरू होत होती.

उसापासून गोळीपर्यंत

१९४२ मध्ये कंपनीने ‘रावळगाव’ या नावाने गोळ्या बाजारात आणल्या. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. साखरेची किंमत आणि वाटप यांवर याच सुमारास सरकारी नियंत्रण आले होते. परदेशी मालाची आयात युद्धामुळे विस्कळीत झाली होती. अशा वेळी ज्या उत्पादकाच्या अंगणातच साखर तयार होते, त्याची स्थिती इतरांपेक्षा अनुकूल असणार, असे अनुमान करता येते. साखर पोत्यातून विकण्याऐवजी तिच्यावर आणखी एक प्रक्रिया करून ती नगावर विकली, तर तिचे मूल्य वाढते. आजच्या परिभाषेत ज्याला मूल्यवर्धन म्हणतात, त्याचे हे एक आरंभीचे उदाहरण मानता येईल.

गोळी तयार करण्याचे तंत्र वरवर सोपे दिसते. साखर आणि मक्याच्या स्टार्चपासून तयार केलेले द्रवरूप ग्लुकोज यांचा पाक साधारण १४० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतात. निर्वात भांड्यात हेच काम कमी तापमानात होते. पाकातील पाण्याचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आले की तो थंड पृष्ठभागावर ओतून त्यात रंग, स्वाद आणि आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल मळतात. मऊ असतानाच त्याची दोरी ओढून ठशांमध्ये गोळ्या पाडतात आणि लगेच गार करून कागदात गुंडाळतात. ग्लुकोज नसेल तर साखरेचे पुन्हा स्फटिक होतात आणि गोळी रवाळ बनते. हवेतील दमटपणा हा गोळीचा खरा शत्रू होय. पावसाळ्यात गोळी चिकट होऊन कागदाला धरते. म्हणूनच या उद्योगात पाकाइतकेच वेष्टनाला महत्त्व असते आणि स्वयंपाकघरातील हलवा व कारखान्यातील गोळी यांच्यातील खरा फरकही येथेच आहे. हलवा जवळच्या माणसासाठी केला जातो. गोळी शेकडो मैल दूरच्या अनोळखी बरणीत महिनोन्‌महिने टिकावी लागते.

या तंत्रामुळेच मालेगाव तालुक्यातील एका गावचा माल खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई अशा दूरदूरच्या दुकानांत पोहोचू शकला. गोळीच्या कागदावर छापलेले ‘रावळगाव’ हे नाव अनेक मुलांनी नकाशात गाव पाहण्यापूर्वी वाचले. कालांतराने गावाच्या नावाचे सामान्यनाम झाले आणि दुकानात ‘दोन रावळगाव द्या’ असे म्हटले जाऊ लागले.

याबाबतीत रावळगावची तुलना पार्ले या उद्योगाशी करणे उद्बोधक ठरते. मोहनलाल दयाळ चौहान यांच्या कुटुंबाने १९२९ मध्ये मुंबईजवळील विलेपार्ले येथे गोळ्यांचा कारखाना सुरू केला आणि त्या गावाचे नाव धारण केले. महाराष्ट्रातील दोन गावांची नावे अशा रीतीने घरोघरच्या खाऊच्या डब्यात गेली. वालचंदनगर, किर्लोस्करवाडी किंवा टिळकनगर येथे उद्योगाने गावाला व्यक्तीचे नाव दिले. पार्ले व रावळगाव येथे उलट घडले. गावाने उद्योगाला आपले नाव दिले.

नवे स्वाद, नवा ग्राहक

१९५३ मध्ये वालचंदांचे निधन झाले. त्यांच्या मागे समूहाची धुरा गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंकडे आणि नंतर पुढील पिढीकडे गेली. कौटुंबिक उद्योगसमूहांच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे कालांतराने बांधकाम, मोटारी, यंत्रसामग्री, साखर अशा वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या शाखांकडे राहिल्या. रावळगाव कंपनीही दोशी कुटुंबाच्या एका शाखेकडे अखेरपर्यंत होती.

या काळात गोळ्यांचे प्रकार वाढले. ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’, ‘टुटी फ्रुटी’, ‘चोको क्रीम’, ‘सुप्रीम’ आणि ‘पान पसंद’ ही नावे ग्राहकांच्या परिचयाची झाली. यांतील ‘पान पसंद’ विशेष लक्षणीय ठरते. विडा हा प्रौढांचा, जेवणानंतरचा, आदरातिथ्याचा पदार्थ. चुना, कात आणि तंबाखू वगळून त्याचा केवळ स्वाद गोळीत उतरवल्यामुळे गोळी मुलांच्या जगातून मोठ्यांच्या खिशात आली. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या तिच्या जाहिरातीत तुसडे बोलणाऱ्या व्यक्तीची वाणी गोळी खाताच मधुर होते, अशी कल्पना होती. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. परदेशी कल्पनेचे अनुकरण न करता देशी चवीला औद्योगिक रूप देण्याचे हे यशस्वी उदाहरण होय.

पहिला दुवा : जमीन

गोळीची लोकप्रियता वाढत असतानाच तिच्या मुळाशी असलेली जमीन कंपनीच्या हातून सुटली. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. खासगी साखर कंपन्यांचे विस्तीर्ण मळे या कायद्याच्या कक्षेत आले. या जमिनींचे तुकडे होऊन उसाचे उत्पादन घटू नये म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाची स्थापना करण्यात आली. हरेगाव, टिळकनगर, वालचंदनगर यांच्याप्रमाणे रावळगावचा मळाही महामंडळाकडे गेला.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने या कायद्याचे समर्थन करणे अवघड नाही. हजारो एकर जमीन मूठभर कंपन्यांकडे असणे स्वतंत्र भारताच्या धोरणाशी विसंगत होते. मात्र उद्योगाच्या इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ वेगळा आहे. ज्या कंपनीच्या नावातच ‘मळा’ होता, तिच्याकडे मळा राहिला नाही. उसाची लागवड, जात, तोडणी आणि गाळप यांचे एकत्र नियोजन करण्याची जी कल्पना वालचंदांनी १९२३ मध्ये राबवली होती, तिचा पाया निखळला. पुढे याच भागात शेती महामंडळाच्या जमिनीवर अजंग–रावळगाव औद्योगिक क्षेत्र आखण्यात आले. माळरानाचा ऊसमळा आणि ऊसमळ्याची औद्योगिक वसाहत, हे परिवर्तन शंभर वर्षांच्या आत घडून आले.

दुसरा दुवा : साखर

१९५० मध्ये प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने पहिला गळीत हंगाम घेतला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या नेतृत्वाखालील या प्रयोगाने महाराष्ट्रातील साखर उद्योगाचे स्वरूप बदलले. ऊस उत्पादक शेतकरी हाच कारखान्याचा मालक, हे सूत्र सरकारी पाठिंब्याने राज्यभर पसरले. मालेगाव तालुक्यातही दाभाडी येथे गिरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा परिस्थितीत स्वतःची जमीन नसलेल्या खासगी कारखान्याला उसासाठी इतरांशी स्पर्धा करणे क्रमप्राप्त झाले. शिवाय साखरेचा काही हिस्सा सरकारने ठरवलेल्या दराने लेव्ही म्हणून देण्याचे बंधन होते. १९६७ नंतर रूढ झालेली ही अंशतः नियंत्रणाची पद्धत २०१३ पर्यंत चालली. पुढे रावळगावचा साखर कारखानाही मूळ कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. गोळ्या तयार करण्यासाठी स्वतःचा साखर कारखाना असणे अनिवार्य नाही. पार्ले हा उद्योग स्वतःच्या साखर कारखान्याच्या पायावर उभा राहिलेला नव्हता, तरीही तो वाढला. मग जमीन आणि साखर गेल्यामुळे गोळी-उद्योग अडचणीत आला, असे म्हणता येईल काय? केवळ कच्च्या मालापुरते पाहिल्यास नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. परंतु रावळगावमध्ये गोळी हा साखर व्यवसायाच्या कडेने वाढलेला जोडधंदा होता. मुख्य व्यवसाय भक्कम असतो तेव्हा जोडधंद्याला चढउतार सोसता येतात. मुख्य व्यवसाय गेल्यावर जोडधंद्याला स्वतःच्या बळावर यंत्रे, जाहिरात आणि वितरण यांचा खर्च पेलावा लागतो. पार्लेने बिस्किटांच्या रूपाने गोळीपेक्षा मोठा आणि नित्याचा आधार निर्माण केला. रावळगावच्या बाबतीत आधार निघून गेला आणि गोळी उरली.

तिसरा दुवा : नाणे

गोळीच्या अर्थकारणात कच्च्या मालाइतकेच महत्त्व नाण्याला असते. साखर किलोवर विकली जाते, तिचा भाव पैशापैशाने वरखाली करता येतो. गोळीचा भाव मात्र चलनात असलेल्या नाण्याशी जखडलेला असतो. १ एप्रिल १९५७ पासून दशमान चलन सुरू झाल्यावर पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे ही गोळीच्या किमतीची पायरी ठरली. एक पायरी सोडून पुढील पायरीवर जाणे म्हणजे किंमत थेट दुप्पट किंवा त्याहून अधिक करणे होय.

उदाहरणादाखल असे मानू की गोळीचे वजन ४ ग्रॅम आहे. एका किलोत अशा २५० गोळ्या होतात. पन्नास पैसे दराने त्यांची किरकोळ विक्री १२५ रुपयांत होते. याच रकमेत साखर, ग्लुकोज, स्वाद, कागद, इंधन, मजुरी, वाहतूक, कर आणि घाऊक व किरकोळ विक्रेत्याचा नफा बसवावा लागतो. खर्च दहा टक्क्यांनी वाढला तर गोळी ५५ पैशांना विकता येत नाही. उत्पादकासमोर दोनच मार्ग उरतात. गोळी लहान करणे किंवा एक रुपयावर जाणे. गोळी लहान करण्याला मर्यादा असते आणि एक रुपयावर एकट्याने गेल्यास ग्राहक शेजारच्या बरणीकडे वळतो.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून काढून घेण्यात आली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालू राहिले, पण व्यवहारात ते दुर्मीळ झाले. या काळात गोळीनेच सुट्या पैशांची जागा घेतल्याचे दृश्य किराणा दुकानांतून आणि औषधांच्या दुकानांतून सर्वत्र दिसत असे. एक रुपया परत देण्याऐवजी दुकानदार ग्राहकाच्या हातावर गोळी ठेवत असे. गोळीला चलनाचा दर्जा मिळाला, हा तिचा गौरव वाटेल. परंतु यात ग्राहकाची निवड संपुष्टात येते. मागून घेतलेली ‘रावळगाव’ आणि सुट्यांऐवजी मिळालेली कोणतीही गोळी यांत मोठे अंतर आहे. ज्या व्यवहारात नाव महत्त्वाचे नसते, त्या व्यवहारात नाव कमावलेल्या उत्पादकाचे नुकसान होते.

उदारीकरण आणि कौटुंबिक उद्योगांची अखेर

१९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली. परफेटी या इटालियन कंपनीने १९९० च्या दशकात भारतात प्रवेश केला आणि ‘अल्पेनलिबे’सारख्या गोळीने दूध-साखरेच्या चवीची नवी आवड निर्माण केली. मोठ्या प्रमाणावरील जाहिरात आणि खेड्यापर्यंतचे वितरणजाळे हे या कंपन्यांचे बलस्थान होते. दुसरीकडे, गावोगावच्या लहान कारखान्यांतून विनाब्रँड स्वस्त गोळ्या येत होत्या. रावळगावसारखी मध्यम आकाराची कंपनी या दोहोंच्या कात्रीत सापडली.

ही अवस्था एकट्या रावळगावची नव्हती. तामिळनाडूतील पॅरीज कन्फेक्शनरी २००४ मध्ये कोरियाच्या लोट्टे कंपनीकडे गेली. आंध्र प्रदेशातील चित्तूर येथे वाढलेली न्यूट्रिन ही कौटुंबिक कंपनी २००६ मध्ये गोदरेज समूहाने घेतली. चौहान कुटुंबाच्या एका शाखेने आपली शीतपेये १९९३ मध्येच कोका-कोला कंपनीला विकली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्मने आपल्या गोळ्यांची बोधचिन्हे, पाककृती आणि बौद्धिक संपदेचे सर्व हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकण्याचा करार जाहीर केला. जमीन, इमारती, यंत्रे आणि इतर मालमत्ता मूळ कंपनीकडेच राहणार होती. संघटित व असंघटित उत्पादकांची स्पर्धा, बाजारपेठेतील घटलेला वाटा आणि कच्चा माल, ऊर्जा व मजुरी यांचा वाढता खर्च ही कारणे कंपनीने दिली होती. रिलायन्सने याआधी २०२२ मध्ये ‘कॅम्पा’ हे जुने शीतपेय आणि २०२३ मध्ये लोटस चॉकलेट ही कंपनी आपल्याकडे घेतली होती. जुन्या नावांमधील स्मृतीचे मूल्य नव्या भांडवलाने अचूक ओळखले, असे यावरून दिसते.

नाव आणि गाव

या व्यवहाराचे स्वरूप काळजीपूर्वक पाहणे आवश्यक आहे. १९२३ मध्ये खरेदी झाली ती जमिनीची. २०२४ मध्ये विक्री झाली ती नावाची. जमीन डोळ्यांना दिसते, मोजता येते, तिचा सातबारा असतो. नावाची मालकी नोंदवहीत असते आणि त्याचे मूल्य लोकांच्या आठवणीत असते. ‘रावळगाव’ या नावाला २७ कोटींच्या व्यवहारात जी किंमत आली, ती निर्माण करण्यात कंपनीच्या भांडवलाबरोबरच गावातील आणि परिसरातील कामगारांचे हात, किराणा दुकानदार आणि मुलांच्या तीन-चार पिढ्या यांचाही वाटा होता. या वाट्याची नोंद कोणत्याही करारात होत नाही. यापुढे ‘रावळगाव’ नावाची गोळी रावळगावातच तयार व्हावी, असे बंधन नावाच्या मालकीतून आपोआप येत नाही. गाव नकाशावर राहते, नाव बाजारात जाते, आणि दोहोंमधील नाते केवळ इतिहासाच्या स्वाधीन होते.

बजाजनगर-वाळूज परिसरात राहणाऱ्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटू नये. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर उद्योगासाठी जमीन मिळवण्याची जबाबदारी शासनाने घेतली. वाळूज येथे १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या आधाराने वाढलेल्या वसाहतीला उद्योगाचेच नाव मिळाले. रावळगावात गावाचे नाव वस्तूला मिळाले, बजाजनगरात उद्योगाचे नाव गावाला मिळाले. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न समान आहे. उद्योग स्थलांतरित झाला, विकला गेला किंवा बदलला तर त्या नावाखाली जगलेल्या माणसांचा इतिहास कोण जतन करणार? कामगारांच्या हजेरीपटांपासून गोळीच्या जुन्या कागदांपर्यंत अनेक साधने अशा वेळी रद्दीत जातात.

निष्कर्ष

१) रावळगावचा गोळी-उद्योग हा १९३२ च्या संरक्षण धोरणातून उभ्या राहिलेल्या ऊस-साखर व्यवस्थेचा विस्तार होता. त्याचे मूळ कोकोत नसून उसात होते.

२) जमीन, साखर आणि लहान नाणे या तीन दुव्यांवर हा उद्योग उभा होता. १९६१ चा जमीनधारणा कायदा, सहकारी साखर उद्योगाची वाढ आणि चलनातून लहान नाण्यांचा लोप यांमुळे हे दुवे क्रमाने निखळले. केवळ परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेला दोष देणे त्यामुळे अपुरे ठरते.

३) ‘पान पसंद’सारख्या उत्पादनांतून देशी स्वादाला औद्योगिक रूप देण्याची क्षमता या उद्योगाने सिद्ध केली. कल्पकतेचा अभाव हे त्याच्या पीछेहाटीचे कारण नव्हते.

४) पार्लेशी तुलना करता असे दिसते की कौटुंबिक मालकी ही स्वतः दुर्बलता नाही. गोळीसारख्या अल्पमूल्य वस्तूला दुसऱ्या भक्कम उत्पादनाचा आधार असणे निर्णायक ठरते.

५) व्यापारी नावाचे हस्तांतरण होते तेव्हा त्या नावामागील गावाचा आणि श्रमिकांचा इतिहास हस्तांतरित होत नाही. तो स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

महाविद्यालयीन इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी आपापल्या परिसरातील अशा उद्योगांचे दप्तर, वेष्टने, जाहिराती आणि कामगारांच्या मौखिक साक्षी संकलित करण्याचे काम हाती घेतल्यास प्रादेशिक इतिहासलेखनात मोलाची भर पडेल. रावळगावात गोळ्या वळणारी व गुंडाळणारी, आता वार्धक्याकडे झुकलेली पिढी हयात असेपर्यंतच हे काम शक्य आहे.